ब्रूडरमधली मारामारी: पिल्लं भांडतात की काही शोधतात?

पिल्लं यायच्या आधी ब्रूडर कसा मांडायचा, हे आपण पाहिलं आहे. आज त्याच ब्रूडरमधली एक तक्रार घेऊ. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की घराघरांतून एकच वाक्य येतं, "पिल्लं मारामारी करताहेत." मी राहतो बजबजला. कोलकात्याच्या नैऋत्येला, हुगळीच्या काठी; सियालदहहून लोकल धरली की या मार्गावरचं शेवटचं स्टेशन. बायकोचं माहेर इथलं, म्हणून निवृत्तीनंतर तळ इथेच पडला. इथल्या शेजारणीही हाच शब्द वापरतात, कारण मारामारी बंगालीतही मारामारीच. शब्द दोन्हीकडे ओळखीचा आहे, आणि दोन्हीकडे तो आपल्याला चकवतो.

मारामारी म्हटलं की आपण गुन्हेगार शोधायला लागतो. कोण दांडगा आहे, त्याला बाहेर काढा. तो काढला की दुसऱ्या दिवशी आणखी एक दांडगा तयार होतो, मग तिसरा. फौजेत एक साधी सवय लावतात: कारवाईच्या आधी टेहळणी. तेच इथे करा. ब्रूडरपासून चार पावलं लांब स्टूल टाकून दहा मिनिटं गप्प बसा. कोण टोचतंय यापेक्षा चोच कुठे पडतेय ते बघा. बहुतेक निदान तिथेच होतं.

आधी खरी भांडणं घेऊ, म्हणजे ती बाजूला ठेवता येतील. दोन पिल्लं समोरासमोर येतात, मान ताठ करतात, गळ्याची पिसं फुलवतात, छातीला छाती भिडवून उडी मारतात. चोच पडलीच तर डोक्यावर, तीही एकदा-दोनदा. मग एक जण मान खाली घालतो, दुसरा निघून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे सुरू होतं आणि सुरुवातीला निव्वळ खेळ असतो. पुढे साधारण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात त्यातूनच कळपाची उतरंड ठरते: दाण्यावर आधी कोण आणि बाजूला कोणी व्हायचं. थोरलाइफ शेल्डरूप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या संशोधकाने १९२२ साली यावर प्रबंध प्रसिद्ध केला. लहानपणापासून त्याला कोंबड्या निरखण्याचा नाद होता. अमक्याने तमक्याला टोचायचं आणि तमक्याने उलट टोचायचं नाही, हा नियम त्याने टिपला. आज माणसांच्या कचेऱ्यांतल्या उतरंडीलाही इंग्रजीत कोंबड्यांच्या टोचण्यावरूनच नाव आहे. मी तीस वर्षं हुद्द्यांच्या जगात काढली, त्यामुळे मला ते वावगं वाटत नाही. उतरंड एकदा बसली की भांडणं कमीच होतात. तेव्हा अशा झटापटीत रक्त नसेल, तर हात घालू नका. अपवाद असील जातीचा. झुंजीसाठीच वाढवलेली ती जात, तिची पिल्लंही लवकर आणि जोरात भिडतात. त्यांना जागा जास्त द्यावी लागते आणि नर लवकर वेगळे करावे लागतात.

आता ज्याने पिल्लं मरतात तो प्रकार. त्यात चोच डोक्यावर पडत नाही. ती पडते पायाच्या बोटांवर, शेपटीच्या बुडख्यावर, पाठीवरच्या नव्या पिसांवर किंवा गुदद्वारावर. टोचणाऱ्याची पिसं फुललेली नसतात, मान ताठ नसते. तो शांतपणे, दाणा वेचावा तसा वेचत असतो. ज्याला टोचतोय तो बऱ्याचदा झोपलेला असतो, किंवा खाण्यात गुंतलेला. यात राग नाही की वैर नाही. हे अन्न शोधणं आहे, फक्त चोच चुकीच्या जागी पडते आहे.

कोंबडीचं पिल्लू जन्मतःच चोच मारायला तयार असतं, पण कशावर मारायची हे त्याला पूर्ण ठाऊक नसतं. पहिल्या दोन दिवसांत ते चमकणाऱ्या, उठून दिसणाऱ्या कशालाही टोचतं: खिळ्याचं डोकं, शेजाऱ्याचा डोळा, स्वतःचं बोट. खुडूक कोंबडीखाली पिल्लं निघाली तर हे काम आई करते. ती दाणा उचलते, खाली टाकते, कुक-कुक करते, पिल्लं धावतात. मग पाय मारून माती उकरते, त्यातून किडा निघतो, पुन्हा हाक. दिवसभर हा वर्ग चालतो. ब्रूडरमध्ये ऊब मिळते, खाद्य मिळतं, पण हा वर्ग भरत नाही. खाद्य एका भांड्यात, दोन मिनिटांत पोट भरतं, आणि उरलेल्या वेळात उकरायला, वेचायला काही नाही. चोच मात्र थांबत नाही. मग समोर जे हलतंय, चमकतंय किंवा नवं उगवतंय त्यावर ती जाते. म्हणून पहिल्या दिवशी खाद्य कागदावर पसरा आणि बोटाने टक्टक् करा. पिल्लं बोटाकडे धावत येतात आणि शेजारचा दाणा उचलतात. बोटं टोचण्याची खोड बऱ्याचदा दाणा न सापडल्यानेच लागते.

हे पक्कं झालं की कारणं शोधणं सोपं जातं. पिल्लाचं लक्ष जमिनीवरून उठून शेजाऱ्यावर कशाने गेलं, एवढाच प्रश्न उरतो.

एक घर सांगतो. नाव सांगत नाही, मी त्यांना काकीमा म्हणतो. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, बचत गटातून पिल्लं घेतलेली. तीस पिल्लं, वय चोवीस दिवस, महिना एप्रिल. त्या सकाळी एक पिल्लू मेलेलं सापडलं, मागून उघडलेलं. दोघांच्या शेपट्यांच्या जागी रक्ताळलेले बुडखे. काकीमांनी एक तगडा कोंबडा-पिल्लू टोपलीखाली डालून ठेवला होता, आरोपी म्हणून. अंड्यांच्या पैशातून मुलीच्या शिकवणीची फी भरायचा त्यांचा बेत होता, आणि तीस हा काही मोठा आकडा नाही. त्यातलं एकेक पिल्लू मोजून घेतलेलं होतं.

मी दहा मिनिटं बसलो. ब्रूडर म्हणजे फ्रिजचा खोका कापून केलेली पेटी, आतून जेमतेम सहा चौरस फूट. पहिले काही दिवस ते चाललं असेल. पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लामागे अर्धा चौरस फूट हवाच, आणि त्यानंतर आठव्या आठवड्यापर्यंत एक चौरस फूट. म्हणजे या तीस पिल्लांना आता पंधरा ते तीस चौरस फुटांची गरज होती. सहा फुटांत पिल्लू झोपलं की त्याच्या अंगावर दुसऱ्याची चोच असणारच.

वर शंभर वॉटचा बल्ब, दिवसरात्र चालू. ऊब किती द्यायची याचं कोष्टक साधं आहे: पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला सुमारे ३५ अंश सेल्सियस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. चौथ्या आठवड्यात २६ अंश पुरतात. एप्रिलमध्ये बजबजला दुपारी बाहेरच ३५ असतं, त्यावर हा बल्ब. उकाड्याने कावलेली पिल्लं पंख पसरून, चोच उघडी टाकून कडेला दाटतात आणि दाटीत टोचतात. विदर्भात मे महिन्यात हाच हिशोब, इंदूरला जानेवारीत नेमका उलटा. त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी, कडेला पळाली तर उकाडा, सगळीकडे विखुरलेली दिसली तर ठीक. शक्य असेल तर ऊब एकाच टोकाला ठेवा, म्हणजे ज्याला हवी तो जवळ जाईल आणि नको तो लांब.

जाता जाता एलईडीचं सांगतो. जुने तारेचे बल्ब दुकानांत कमी झालेत, म्हणून लोक एलईडी लावतात. नऊ वॉटचा एलईडी जुन्या साठ वॉटच्या बल्बाइतका उजेड देतो, पण ऊब जवळजवळ देत नाही. लखलखीत उजेड आणि थंडगार जमीन, म्हणजे पिल्लांसाठी दोन्हीकडून मार. उजेडासाठी एलईडी जरूर लावा, मंद लावा. ऊब मात्र तारेच्या बल्बने, तापदिव्याने किंवा उजेड न देणाऱ्या चिनी मातीच्या तापकाने द्या.

काकीमांकडे खरा घोळ खाद्याचा होता. पोत्यातलं चिक स्टार्टर दुसऱ्या आठवड्यात संपलं. नंतर घरातली तांदळाची कणी चालू झाली. कणीने पोट भरतं, पण तिच्यात प्रथिनं सात-आठ टक्के, तर या वयाच्या पिल्लाला वीसेक टक्के लागतात. नेमकी हीच पिसं फुटायची वेळ. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, आणि त्यातही गंधक असलेली अमिनो आम्लं त्याला जास्त लागतात. ती खाद्यात कमी पडली की पिल्लू शेजाऱ्याची पिसं खायला लागतं. मिठाची कमतरताही तेच करते. पण म्हणून पाण्यात मूठभर मीठ घालू नका. जास्त मिठाने पिल्लं मरतात. तयार स्टार्टरमध्ये ते मोजून घातलेलं असतं. आठ आठवड्यांपर्यंत हात आखडू नका; काटकसर करायची ती नंतर. गावात स्टार्टर मिळत नसेल तर भरडलेल्या मक्यात सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड आणि थोडी सुकट मिसळून वेळ मारून नेता येते. सुकट खारवलेली असेल तर ती धुऊन, वाळवून, दळून, बेतानेच.

भांडंही एकच होतं. पिल्लामागे सुरुवातीला एक इंच आणि तिसऱ्या आठवड्यापासून दोन इंच कड लागते. तीस पिल्लांना साठ इंच. लांबट भांड्याच्या दोन्ही कडा धरायच्या, म्हणजे अडीच फुटी एक पन्हाळं पुरलं असतं. काकीमांकडे ताटाएवढी थाळी होती. तिथे दुबळी पिल्लं मागे राहणार, आणि मागे राहिलेलं पिल्लू म्हणजे टोचायला सर्वांत सोपं.

टोपलीखालचा आरोपी मी सोडायला लावला. त्याला डालल्यानंतरही पेटीत टोचणं चालूच होतं, ते काकीमांना बसल्या जागेवरून दाखवता आलं.

त्याच दिवशी पडवीचा कोपरा जाळीने अडवून जागा मोकळी केली, जमिनीवर भाताचं तूस तीन बोटं जाड पसरलं, दिवसाचा बल्ब बंद केला, रात्रीसाठी लाल बल्ब लावला, स्टार्टरचं पोतं आणलं आणि दोन लांब भांडी ठेवली. लाल माठाची एक जुडी सुतळीने पिल्लांच्या डोक्याच्या उंचीला टांगली. ही जुडी स्वस्तातलं सर्वांत चांगलं औषध आहे. ती हलते, तिला ओढावं लागतं, तोडावं लागतं, चोच अर्धा दिवस कामाला लागते. जमिनीवर टाकलेली भाजी तुडवली जाते आणि सडते, म्हणून टांगायची. पाला दिला की सोबत वाटीभर बारीक खडी-वाळू ठेवायची, कारण कोंबडीला दात नाहीत, दळण पोटातल्या खड्यांनीच होतं. एका पसरट घमेल्यात वाळू आणि चाळलेली राख ठेवली तर दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लं तीत लोळतात. तुसात मूठभर बारीक दाणा उधळणं हीही एक युक्ती. त्यांनी उकरावं, वेचावं, दमावं.

पाचव्या दिवसापासून नवी जखम दिसली नाही. जखमी दोघांपैकी एक वाचलं, दुसरं तिसऱ्या रात्री गेलं.

आता एका गोष्टीकडे सहसा कोणी बघत नाही: झोप. आपण ब्रूडरवर चोवीस तास उजेड ठेवतो. पहिले दोन-तीन दिवस ते योग्य आहे, खाद्यपाणी सापडायला हवं. पण पुढे? खुडूक कोंबडीची पिल्लं दिवसातून कितीतरी वेळा आईच्या पंखाखाली शिरतात. तिथे ऊब असते आणि काळोखही. थकलेली आत झोपतात, ताजी बाहेर हिंडतात. दोघांची गाठ पडत नाही. बल्बखाली मात्र झोपलेलं पिल्लू उजेडात उघडं पडलेलं असतं, आणि जागं पिल्लू त्याच्या अंगावरून चालतं. त्याचं नवं पीस, त्याचं बूड, सगळं समोर. डेन्मार्क आणि ब्रिटनमध्ये अंड्यांच्या जातींच्या पिल्लांवर प्रयोग झाले. ज्यांना उबदार पण अंधारी जागा दिली, त्यांच्यात पिसं टोचणं पुढेही कमी राहिलं. मला हा शोध फार पटला, कारण तो कोंबडीला आधीपासून ठाऊक होता.

घरी काय करता येईल? मी एक मोठं मातीचं मडकं पालथं घालतो, बुडाला भोक पाडून होल्डर आत सोडतो, चाळीस वॉटचा बल्ब. मडकं लादीवर, तुसावर कधीच नाही, आणि बल्ब मडक्याला किंवा लादीला टेकलेला नाही. मडकं तापतं, उजेड आतच राहतो. त्याच्याभोवती, वर फळी टाकून, हातभर अंधारी जागा होते. वीसेक पिल्लं त्याला टेकून झोपतात. बाहेर दिवसा पडवीचा उजेड, रात्री अंधार. बजबजला जूटच्या गिरण्या, त्यामुळे इथे गोणपाट मुबलक, आणि जो तो ब्रूडर गोणपाटाने झाकतो. वाऱ्याच्या बाजूला जरूर लावा, पण बल्बपासून हातभर लांब. होल्डर वायरवर लोंबू देऊ नका, साखळीने बांधा. कालवैशाखीच्या वादळात वीज जाते, येते, बल्ब हेलकावतो; एक ठिणगी पुरते.

पावसाळ्याचा वेगळा विचार करा, म्हणजे कोकण-गोव्याच्या मंडळींनी विशेष. ओल्या गादीतून अमोनिया सुटतो. उभ्या माणसाला तो कळत नाही. गुडघे टेकून नाक पिल्लांच्या उंचीला न्या. तुमचे डोळे चुरचुरले तर पिल्लं तिथे चोवीस तास राहताहेत हे लक्षात घ्या. अशी पिल्लं बेचैन असतात आणि टोचतात. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, ओलं तूस रोज काढा, कोरडं टाका. बूड विष्ठेने चिकटलेलं पिल्लू दिसलं तर कोमट पाण्याने पुसून कोरडं करा, कारण त्या गोळ्यावर पडलेली पहिली चोच पुढे आतड्यापर्यंत जाते. विष्ठेतच रक्त असेल तर मात्र ते टोचणं नव्हे, ती बहुधा रक्ती हगवण. तिला पशुवैद्यकाकडूनच औषध घ्या, आणि त्याच दिवशी.

रक्त दिसलं की घाई करा. लाल रंग उठून दिसतो, एकाने चोच मारली की बाकीचे बघून शिकतात. ही खोड कळपभर पसरायला एक दुपार पुरते. जखमी पिल्लू लगेच उचला, जखम धुवा, जेन्शियन व्हायोलेट लावा. ते जंतूही मारतं आणि लाल रंगही झाकतं. डोळ्याजवळ लावू नका. इथे मोहरीचं तेल आणि हळद लावतात. घरात दुसरं काही नसेल तर ठीक, पण रक्ताचा रंग त्याने झाकत नाही. लाल बल्बचा उपयोगही हाच: त्या उजेडात रक्त वेगळं दिसत नाही. तो आठ-दहा दिवसांची मलमपट्टी समजा. कारण दूर न करता लाल बल्ब लावला तर बल्ब काढल्या दिवशी टोचणं परत येतं.

चोच कापण्याबद्दल बरेच जण विचारतात. अंड्यांच्या मोठ्या फार्मवर पहिल्या दहा दिवसांत तापलेल्या पात्याने चोचीचं टोक कापतात, काही हॅचरी अवरक्त किरणांनी करतात. हजारोंच्या कळपात ते का करतात हे मला समजतं. पण चोच म्हणजे नख नव्हे, तिच्यात नसा आहेत, वेदना होतात. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत यावर बंदी आहे आणि तिथेही अंड्यांचे फार्म चालतात. परसातल्या तीस-पन्नास पिल्लांसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: कापू नका. शिवाय ही पिल्लं पुढे मोकळी हिंडणार, किडे वेचणार, घारीपासून पळणार. त्यांना चोच पूर्ण हवी.

राहिलं जखमी पिल्लाला परत सोडणं. त्याला वेगळ्या खोलीत आठवडाभर ठेवलं तर बाकीचे त्याला परका समजतात, आणि मग खरीखुरी, डोक्यावर टोचण्याची मारामारी होते. म्हणून त्याच ब्रूडरच्या कोपऱ्यात जाळी लावून आत ठेवा. ते सगळ्यांना दिसलं पाहिजे, पण कोणाची चोच पोहोचता कामा नये. सोबत एक गरीब स्वभावाचं पिल्लू द्या. खपली धरून वाळली की संध्याकाळी, उजेड मावळताना, जाळी काढा. रात्री सगळी एकत्र झोपतात. बाहेरून नवी पिल्लं आणली असतील तर त्यांना आधी काही दिवस वेगळ्या जागेत ठेवून आजार नाही ना ते बघा, आणि मग याच रीतीने मिसळा. त्यांना जाळीआड तीन-चार दिवस जास्त लागतात. वयात आठवड्यापेक्षा मोठं अंतर असेल तर मिसळू नका. दुसऱ्या दिवशी मात्र उजाडायच्या आत उठा आणि स्टूल घेऊन बसा. पहिला तास महत्त्वाचा, कारण भुकेली पिल्लं भांड्याकडे धावतात ती तेव्हाच. त्या सकाळी भांडी एकाऐवजी तीन ठेवा, एकमेकांपासून लांब.